हेतू हरवलेले शब्द

इंदूरहून महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजेंद्र नगर हे एक लहानसे स्टेशन लागते. त्याच्या अलीकडचे स्टेशन लोकमान्य नगर. पलीकडे राऊ, आणि आणखी पुढे महू. त्या स्टेशनाचे नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे. राजेंद्र नगर ही मराठी घरांची वसाहत अशी टिळक आणि आंबेडकर यांच्या मधोमध येते. रेल्वेने हे काही ठरवून केलेले नाही, पण विचार करणाऱ्याला हा योगायोग उपयोगी पडतो. दोघेही वृत्तपत्र चालवणारे. एकाने ‘केसरी’तल्या मजकुरासाठी राजद्रोहाची शिक्षा दोनदा भोगली. दुसऱ्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला आणि पुढे भाषणस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क मानणाऱ्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले. दोघांच्याही शब्दांनी कुणी ना कुणी दुखावले गेले. तेव्हा प्रश्न असा की, शब्दाने एखाद्याची श्रद्धा दुखावली तर बोलणाऱ्याचा दोष कशावरून ठरवायचा? ऐकणाऱ्याच्या वेदनेवरून, की बोलणाऱ्याच्या हेतूवरून? हा प्रश्न कायद्याचा दिसतो. मुळात तो धर्मविचाराचा आहे, आणि मोबाइलच्या पडद्याने त्याला आज नवी धार आणली आहे.

इंदूर शहराने हा प्रश्न गेल्या काही वर्षांत दोनदा अनुभवला. १ जानेवारी २०२१ रोजी इथल्या एका कॅफेतल्या कार्यक्रमातून विनोदवीर मुनव्वर फारुकी यांना हिंदू देवदेवतांचा अपमान केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. २८ जानेवारीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला. त्या आदेशात बंधुभाव जोपासण्याच्या आणि संमिश्र संस्कृती जपण्याच्या नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची आठवण करून दिली होती. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, कारण अटकेची विहित पद्धत पाळली गेली नव्हती. दुसरे प्रकरण व्यंगचित्रकार हेमंत मालवीय यांचे. त्यांनी करोनाकाळात, जानेवारी २०२१ मध्ये, फेसबुकवर टाकलेले एक राजकीय व्यंगचित्र मे २०२५ मध्ये भगवान शंकरांचा उल्लेख असलेल्या मजकुरासह पुन्हा फिरू लागले आणि इंदुरात गुन्हा नोंदला गेला. अभिव्यक्ती स्वातंत्र्याची मर्यादा उघडच ओलांडली गेली आहे, असे म्हणत उच्च न्यायालयाने ३ जुलै रोजी अटकपूर्व जामीन नाकारला. १५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले. पण व्यंगचित्राबद्दलची नापसंतीही न्यायमूर्तींनी सुनावणीत लपवली नाही. न आवडणे आणि गुन्हा असणे या दोन गोष्टी एकाच न्यायासनाने एकाच वेळी वेगळ्या ठेवल्या, एवढे इथे ध्यानात घ्यावे. दोन्ही प्रकरणांतला मजकूर चांगला की वाईट, हा या लेखाचा विषय नाही.

भावना दुखावणे हे ढोंग असते, असे म्हणून या प्रश्नातून सुटका करून घेता येत नाही. ढोंग करणारे असतात, राजकारणासाठी दुखावले जाणारेही असतात. पण रोज सकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्या माणसाला त्या देवाची टवाळी पाहून जे होते ते खरे असते. आराध्याशी माणसाचे नाते मतासारखे नसते, आईबापांसारखे असते. म्हणून त्या दुःखाला हसणे हा क्रूरपणाच ठरेल. अडचण पुढे सुरू होते. दुःख खरे आहे एवढ्याने समोरचा अपराधी ठरतो का? वैद्याच्या सुरीनेही रक्त येते आणि मारेकऱ्याच्या सुरीनेही. जखमेकडे कितीही निरखून पाहिले तरी दोघांतला फरक जखमेत सापडत नाही. तो सुरी धरणाऱ्याच्या मनात शोधावा लागतो. कायद्याने जेव्हा जेव्हा हा शोध टाळला आणि केवळ भावनेचे माप काढले, तेव्हा काय झाले याची नोंद मराठी इतिहासात आहे. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावले की, राजद्रोहाच्या कलमातला मूळ शब्द म्हणजे सरकारविषयी प्रीतीचा अभाव. ती अप्रीती किती, हे पाहण्याचे कारण नाही. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या कायद्याला मनातली प्रीती मोजायची असते, त्याला गजपट्टी लागत नाही. मोजणाऱ्याची मर्जी पुरते.

१९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. शब्दांसाठी शिक्षा भोगणाऱ्या माणसाने तिथे नेमका कोणता प्रश्न हाती घेतला, हे पाहण्यासारखे आहे. कर्माचे बरेवाईटपण कशावरून ठरवावे, हा त्या ग्रंथाचा एक मुख्य प्रश्न. कर्माच्या बाहेरच्या परिणामांवरून, त्यातून किती जणांना सुख वा दुःख झाले यावरून नीती ठरवणारी पाश्चात्त्य मते टिळकांनी तपासली आणि ती अपुरी ठरवली. परिणाम पाहायचाच नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पण कर्त्याची बुद्धी शुद्ध की अशुद्ध हे पाहिल्याशिवाय निवाडा पुरा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एकच कृत्य एकाच्या हातून पुण्य आणि दुसऱ्याच्या हातून पाप ठरू शकते, ते यामुळे. दानाचेच उदाहरण घ्या: देणाऱ्याचा हात सारखाच पुढे येतो, पण एकाला भुकेला माणूस दिसत असतो आणि दुसऱ्याला फळ्यावरचे स्वतःचे नाव. बौद्ध विचारही वेगळ्या वाटेने याच जागी येतो. तिथे चेतनेलाच, म्हणजे मनाच्या संकल्पालाच, कर्म म्हटले आहे. आंबेडकरांनी १९५६ मध्ये जो धम्म स्वीकारला त्याचा हा पाया आहे. लोहमार्गाच्या दोन टोकांची ही दोन माणसे अनेक बाबतींत एकमेकांपासून फार दूर होती, तरी दोष मनात शोधावा या मुद्द्यावर त्यांच्या परंपरा भेटतात.

महाभारताच्या कर्णपर्वात याच प्रश्नाचा एक कसोटीचा प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी जर्जर होऊन युधिष्ठिर शिबिरात पडला आहे. अर्जुन भेटायला येतो, तेव्हा कर्णाला मारूनच आला असेल असे युधिष्ठिराला वाटते. तसे नाही हे कळताच तो संतापतो आणि म्हणतो की, तुला जमत नसेल तर गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचे मस्तक उडवीन, अशी अर्जुनाची मनाशी केलेली प्रतिज्ञा असते. तो तलवार उपसतो. आजच्या भाषेत सांगायचे तर अर्जुनाच्या भावना दुखावल्या आहेत. शिवाय त्याच्यापाशी एक नियम आहे, ज्यात बोलणाऱ्याचा हेतू पाहण्याची तरतूदच नाही. कृष्णाचा पहिला प्रश्न असा: तलवार कुणासाठी काढलीस? इथे तुझा शत्रू मला दिसत नाही. मग तो कौशिकाची गोष्ट सांगतो. खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची जागा सांगितली, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. नियमाचे अक्षर पाळूनही धर्म बुडतो, असा त्याचा अर्थ. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याला अवघड जाणारा आहे. थोरांचा अपमान हा त्यांचा वधच होय, असे कृष्ण म्हणतो. म्हणजे शब्दाची जखम त्याने हलकी मानली नाही. तिची तुलना मृत्यूशी केली. आणि तिथेच तोड काढली: प्रतिज्ञा पुरी करायची तर धर्मराजाला चार कठोर शब्द बोल, तोच त्याचा वध समज. शब्दाने झालेली जखम शब्दानेच फेडली गेली आणि तलवार म्यानात गेली. युधिष्ठिराचा हेतू विषारी नव्हता, तो दुखावलेल्या थोरल्या भावाचा त्रागा होता, हे कृष्णाला दिसले, कारण तो जवळ उभा होता आणि त्याने क्षणभर थांबून पाहिले.

आपल्या फौजदारी कायद्यातही हेतूची अट होती आणि आजही आहे. ती कशी आली हे विसरले गेले आहे. १९२४ साली लाहोरमध्ये प्रेषित महंमदांवर चिखलफेक करणारे एक पुस्तक निघाले. त्या वेळच्या कलमांत ते बसत नाही म्हणून १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडले, मोठा क्षोभ झाला, आणि त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेत कलम २९५अ घालण्यात आले. प्रवर समितीपुढे एक पेच होता: समाजसुधारणेसाठी एखादा लेखक जाणूनबुजून धक्का देतो, त्याचे काय? तो सापडू नये म्हणून अपमान केवळ बुद्धिपुरस्सर असून भागणार नाही, तो दुष्ट हेतूने केलेला हवा, अशी शब्दयोजना झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. त्या ज्वाळांनी लाखो धर्मनिष्ठ माणसे दुखावली यात शंका नाही. ते दुःखही खरेच होते. वेदनेवरून दोष ठरवायचा तर महाडची ती रात्र अपराधाची रात्र ठरते, आणि तळ्याचे पाणी ज्यांना नाकारले गेले त्यांची शतकांची वेदना मोजायला कुणीच उरत नाही, कारण ती कधी ‘भावना’ म्हणून नोंदलीच गेली नव्हती. हेतूवरून ठरवायचे तर चित्र उलटते. पुढे १९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंबेडकरांचे ‘रिडल्स’ प्रसिद्ध केले, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्यावरच्या प्रकरणावरून असाच वाद पेटला. मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. अखेरीस मजकूर राहिला, आणि या मतांशी सरकार सहमत नाही, अशी टीप त्याला जोडली गेली. शब्दाला शब्दाने उत्तर देण्याचा तो कर्णपर्वातलाच मार्ग होता, मग तो कुणाला सुचलेला असो वा परिस्थितीने लादलेला असो.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी ही अट सोडलेली नाही. २९५अ घटनेला धरून आहे, असे १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण नकळत, निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतूवाचून झालेला अपमान या कलमात येत नाही, असेही त्याच निकालात बजावले. त्या निकालाचा आधार होता सार्वजनिक सुव्यवस्था. घटनेच्या १९व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्यावर ज्या कारणांनी वाजवी निर्बंध घालता येतात त्यांची यादी दिली आहे, आणि त्या यादीत धार्मिक भावना हे कारण नाही. राज्यसंस्थेला देवाचे रक्षण करायचे नाही, शेजाऱ्याचे करायचे आहे. शब्द कुणाच्या कानांनी ऐकायचे याचेही उत्तर मराठी मुलुखाच्या कडेने, नागपूरहून आले. ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांचे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, एका वृत्तपत्राच्या प्रकरणात, त्यांनी सांगितले की, लेखनाचा परिणाम तपासताना विवेकी, कणखर आणि धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणारा डळमळीत माणूस नव्हे. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी उचलली, आणि २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्धच्या, एका कवितेवरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तिची पुन्हा आठवण दिली. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात हेतूही आहे आणि धीट वाचकही आहे. मग अडते कुठे?

अडते ते शब्द आता ज्या वाटेने प्रवास करतात त्या वाटेवर. बोलणाऱ्याचे मन कुणालाच उघडून पाहता येत नाही. आपण ते खुणांवरून ओळखतो. तो कुणाशी बोलत होता, कुठे, कशाच्या उत्तरादाखल, कोणत्या सुरात, आधी काय म्हणाला आणि नंतर काय. कीर्तनकाराने देवाला घातलेल्या शिव्या भक्तीच्या असतात हे मंडपात बसलेल्याला सांगावे लागत नाही. भारुडात एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांना समोरासमोर उभे करून एकमेकांच्या धर्मातली उणीदुणी काढायला लावली, आणि वादाचा शेवट समेटात केला. शेवटापर्यंत बसणाऱ्यालाच त्या उण्यादुण्यांचा अर्थ कळतो. त्याच भारुडातला मधला अर्धा मिनिट कापून फिरवला, तर एकनाथांचा हेतू कुणालाही कसाही दाखवता येईल. पडदा नेमके हेच करतो. तो शब्द ठेवतो आणि खुणा गाळतो. मंडप जातो, सूर जातो, आधीनंतरचे जाते. काळही जातो: जानेवारी २०२१ चे, लशीच्या वादातले चित्र मे २०२५ मध्ये काल काढल्यासारखे समोर येते, आणि त्याला चिकटलेल्या ओळी मूळ हाताच्या की भलत्याच्या, हे पाहणाऱ्याला दिसत नाही. ज्यांच्यासाठी बोललेच नव्हते ते श्रोते होतात. तिकीट काढून विनोद ऐकायला आलेले लोक एक, आणि चिडण्यासाठीच चित्रफीत उघडणारे दुसरे. जागाही जाते: दुखावलेला माणूस देशात कुठेही असेल तिथल्या ठाण्यात गुन्हा नोंदवू शकतो. छापील पानाला तारीख होती, संपादक होता, वाचकवर्ग ठरलेला होता. तेव्हा १८९७ मध्ये ज्या न्यायाधीशाने हेतूकडे नीट पाहिले नाही, त्याला निदान पाहण्यासारखे पुष्कळ समोर होते. आज पाहण्यासारखे कमी उरले आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे की, शब्द जितक्या वेगाने पसरू लागले, तितकी दंडशक्तीने आपली चाल सावकाश केली पाहिजे. खुणा पुसल्या गेल्या असतील तर त्या शोधायला वेळ लागतोच.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप रक्ताचा आहे. सावकाश चालायला सांगणे सोपे, पण पडद्यावरचा एक मजकूर तासाभरात गाव पेटवतो, त्याचे काय? २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला हेच घडले. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर पसरली होती, आणि त्या तापलेल्या दिवसांत जमावाने एका तरुण संगणक व्यावसायिकाला मारून टाकले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातली पाच भिक्षेकरी माणसे ठेचली गेली; ती अफवाही मोबाइलवरून फिरली होती. हे आठवले की शांतपणे बोलणे जड जाते. तरीही या दोन घटना नीट पाहिल्या की त्या कोणत्या बाजूने साक्ष देतात ते दिसते. हडपसरला मारल्या गेलेल्या तरुणाचा त्या चित्रांशी काहीच संबंध नव्हता. राईनपाड्यातल्या पाच जणांनी कुणाचे मूल पळवले नव्हते. जमावाला राग होता, तो खरा होता. हेतू विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. वेदनेवरून दोष ठरवण्याचा जो सिद्धांत आहे, त्याचे हे टोक. चिथावणीसाठी, खोट्या अफवेसाठी, दंगलीसाठी कायदा आहे आणि तो तिथे तत्परतेने चालायलाच हवा. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या, त्या याचसाठी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम तेव्हा रद्द झाले. त्रास आणि गैरसोय यांनाही गुन्ह्याच्या माळेत ओवणारे हेच कलम. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना त्याच्याच आधारे धरले होते. एकीने बंदविषयी लिहिले होते आणि दुसरीने ते आवडल्याची खूण केली होती. गाव पेटवणाऱ्याला आणि बंदबद्दल कुरकुरणाऱ्या मुलीला एकच कलम लागू शकते, तेव्हा ते सुव्यवस्थेचे साधन राहत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. हेतूची ही चर्चा उसनी आहे, आपल्याकडे देवनिंदेला शासन होतेच, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वाक्पारुष्य हे स्वतंत्र प्रकरण आहे. माणसाच्या व्यंगाबद्दल खरे बोलून टोचले तर एक दंड, खोटे बोलून टोचले तर दुप्पट, आणि स्तुतीच्या आवरणाखाली निंदा केली तर त्याहून अधिक. देश वा गाव, जात वा संघ, आणि देव वा देवस्थाने यांच्या निंदेसाठी तो चढत्या क्रमाने शिक्षा सांगतो. हे मान्य करावे, लपवू नये. पण त्यातली बारीक विणही पाहावी. खरे, खोटे आणि उपरोधिक यांत कौटिल्य फरक करतो. बोलणाऱ्याच्या मनापर्यंत जायचे नसते तर त्याला हा फरक करावासाच वाटला नसता. निवाडा करणारे धर्मस्थही एक नव्हे, तिघे बसतात. शिवाय परंपरा म्हणजे एकटा दंडनीतीचा ग्रंथ नव्हे. ज्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या गेल्या, त्यांना आपण आज संत म्हणतो, आणि बुडवायला लावणारे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच अनुयायी झाले असे परंपराच सांगते. दुखावलेल्या धर्माभिमानाने दिलेली शिक्षा चुकीची ठरू शकते, ही कबुली मराठी भाविकाने आपल्या सर्वांत लाडक्या कथेत जपून ठेवली आहे.

तिसरा आक्षेप दुर्बलांच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. हेतू सिद्ध करणे अवघड. मग ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिव्या ऐकाव्या लागल्या, त्यांनी निंदकाच्या मनाचा पुरावा कुठून आणायचा? इथे एक भेद जपावा लागतो. माणसाचा अपमान आणि त्याच्या मताचा, श्रद्धेचा अपमान या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदा चारचौघांत केलेल्या मानहानीला शिक्षा देतो, कारण तिथे जिवंत माणसाला खालच्या पायरीवर ढकलले जाते, त्याचा नागरिकपणा नाकारला जातो. देवाबद्दलच्या वाईट विनोदाने भक्त दुखावतो. पण त्याचा मतदानाचा हक्क, पाणवठा, नोकरी, शाळा यांपैकी काही जात नाही. धर्मटीकेच्या आडून एखाद्या समाजालाच माणसांतून उठवण्याचा डाव असतो तेव्हा मात्र तो श्रद्धेवरचा हल्ला राहत नाही, माणसांवरचा होतो, आणि बहुधा तिथे दुष्ट हेतूच्या खुणाही सापडतात: तोच समाज पुनःपुन्हा, तीच हिणवणी, आणि शेवटी काहीतरी करण्याचे आवाहन. आंबेडकरांनी ग्रंथ जाळला. माणसांवर हात उचलायला त्यांनी सांगितले नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: अखेरीस सर्वोच्च न्यायालय न्याय देतेच ना, मग तक्रार कसली? तक्रार क्रमाची आहे. जुन्या २९५अ चे शब्द १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९९ कलमात आले आहेत. या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. म्हणजे विचार करून पाऊल टाका, असे कायदाच सांगतो. पण ही मंजुरी वाटेच्या पार टोकाला उभी आहे. गुन्हा नोंदणे, अटक, कोठडी, मोबाइल जप्त होणे हे सारे तिच्या अलीकडे उरकते. हेतू तपासला जातो तेव्हा शिक्षा भोगून झालेली असते. फारुकी महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होते, आणि सुटका हेतूच्या निर्णयावर झाली नाही, अटकेच्या पद्धतीवर झाली. त्यांचा हेतू कसा होता हे त्या महिन्याभरात कुणी ठरवलेच नव्हते. यावरचा उपाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. तीन वर्षे वा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून मगच गुन्हा नोंदावा की नाही हे ठरवता येते. बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांच्या बाबतीत ही मुभा सहसा वापरली जावी, असे प्रतापगढी निकालाने सांगितले. हे १४ दिवस हीच पुसलेल्या खुणा गोळा करण्याची मुदत आहे: मूळ मजकूर पुरता कोणता, कधीचा, कुणासाठी, जोड कुणाची, आधीचे बोलणे काय. मुभेचे दंडकात रूपांतर झाले, आणि मंजुरीचा दरवाजा अटकेच्या अलीकडे आणला गेला, तर दुखावलेल्याचे काहीच बुडत नाही. खरोखर दुष्ट हेतू असेल तर तो दोन आठवड्यांनंतरही दुष्टच राहतो.

मग बोलणाऱ्यावर काहीच बंधन नाही का? आहे, आणि ते कायद्याहून कडक आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे. या चारही अटी एकाच वाक्यात पाळून पाहाव्यात, म्हणजे तिला तप का म्हटले ते कळते. उच्च न्यायालयाने ज्या मूलभूत कर्तव्यांची आठवण दिली ती याच जातीची आहेत, आणि पडद्यावर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाने ती मनावर घ्यावीत. पण तप स्वतः करायचे असते. शेजाऱ्याकडून सक्तीने करवून घेतलेल्या उपवासाला एकादशी म्हणत नाहीत. ज्या दिवशी शिपाई वाणीचे तप करवू लागतो, त्या दिवशी गप्प बसलेला माणूस तपस्वी आहे की घाबरलेला, हे सांगता येत नाही. पुन्हा हेतूच हरवतो, या वेळी मौनाचा. म्हणून गांडीवाच्या त्या प्रसंगातला कृष्णाचा पहिला प्रश्न मला कायद्याच्या कोणत्याही कलमाहून कामाचा वाटतो. उद्या कुणी मोबाइल पुढे करून ठाण्यात उभा राहील, दुखावलेला आणि प्रामाणिक. राजेंद्र नगरातला असेल किंवा आणखी कुठला. अंमलदाराने त्याला पाणी द्यावे, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून लिहून घ्यावे, आणि तलवारीला हात घालण्याआधी १४ दिवस स्वतःला तोच प्रश्न विचारावा, की इथे शत्रू आहे का, आणि असेल तर कोण.